गाडीला धाप लागते तेव्हा...

सिग्नलला उभे आहात. एसी चालू, एफएमवर मस्त गाणं. आणि अचानक गाडी थरथरायला लागते. आरपीएमचा काटा आठशेवरून पाचशेवर, पाचशेवरून बाराशेवर, झोपाळ्यावर बसल्यासारखा झुलतो. मागचा हॉर्न मारतो, तुम्ही ॲक्सिलरेटर हलकेच दाबून ठेवता. सिग्नल सुटतो आणि गाडी निमूट पळायला लागते. जणू काही झालंच नव्हतं! झालंय असं कधी? माझ्या बाबतीत चार महिने हे रोज चाललं होतं.

गाडी बाबांची. बारा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि गाडी जालन्याहून पुण्याला माझ्याकडे आली. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते, पण स्वतःच्या गाडीतला बग काही सापडेना. एका चकाचक वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला, कोड निघाला पी ०१७१. म्हणजे इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. दहा मिनिटांत एस्टिमेट हातात! नवा ऑक्सिजन सेन्सर, नवी थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर क्लीनिंग. एकूण ३१ हजार. वर प्रेमळ सल्ला, 'मॅडम, विकून टाका. एवढ्यात नव्या गाडीचं डाउन पेमेंट होईल.'

खरं सांगू? मोह झाला होता. पण त्याच वीकेंडला मला जालन्याला जायचं होतं. सोमवारी सकाळी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, छत्रपती संभाजीनगरला. जालन्याहून साधारण ६० किलोमीटर. 'तुझ्याच गाडीतून जाऊ,' असं आईने आधीच जाहीर केलेलं.

शुक्रवारी दुपारी निघाले. वाघोलीच्या कोंडीत गाडी दोनदा बंद पडली. पुढे हायवेला लागल्यावर एकदम शहाणी! पण जालना जवळ आल्यावर एका स्पीड ब्रेकरला वेग कमी केला आणि इंजिन गप. मागे ट्रक. स्टिअरिंग जड झालं, दोनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक. कशीबशी कडेला घेतली. हात थरथरत होते. सोमवारी आई शेजारी बसलेली असताना असं झालं तर?

'गरम गाडी खोटं बोलते'

शनिवारी सकाळी अंबड चौफुलीजवळच्या गॅरेजमध्ये गेले. बाबा याच चाचांकडे वीस वर्षं गाडी दाखवायचे. चाचांनी बॉनेट उघडलं, हात लावून पाहिला आणि बंद केलं.

'आता नको, बेटा. गाडी इथंच ठेव. तीन-चार तासांनी थंड झाली की बघू. गरम गाडी खोटं बोलते.'

मी एस्टिमेट पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

'हे पार्ट खराब असतीलही. पण गाडी कुठूनतरी चोरून हवा पिऊ लागलीय का, ते आधी बघावं लागंल. कोड काय सांगतो? हवा जास्त झाली. ती कुठून आली, ते थोडंच सांगतो?'

मला लाजच वाटली. बग रिप्रोड्यूस केल्याशिवाय फिक्स करायचा नाही, हे मी ऑफिसात ज्युनिअर्सना रोज सांगते की!

फंडा काय आहे?

इंजिनला श्वास लागतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा हवी. ही हवा फिल्टरमधून येते, थ्रॉटलच्या झडपेतून आत जाते आणि इनटेक मॅनिफोल्ड नावाच्या नळ्यांच्या पंजातून प्रत्येक सिलिंडरपर्यंत पोचते. हा पंजा इंजिनच्या हेडवर बोल्टने बसवलेला असतो. मधल्या सांध्यात जे रबराचं, फायबरचं किंवा धातूचं पातळ पॅकिंग असतं, तेच गॅस्केट.

माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर वाटेच्या तोंडाशीच आहे. तो जेवढी हवा मोजतो, तेवढ्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. गॅस्केट झिजलं की सांध्यातून न मोजलेली हवा आत शिरते. हिशेब चुकतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन अडखळतं.

मग हायवेवर का नाही अडखळत? सिग्नलला तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. झडप जवळजवळ बंद आणि सिलिंडर मात्र हवा ओढतायत. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या दाबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. अशा वेळी केसाएवढ्या फटीतूनही हवा जोरात आत ओढली जाते. वेगात असताना झडप उघडी, आत भरपूर हवा आणि दाबातला फरक कमी. फट तीच, पण चोरी किरकोळ! ब्रेकचा बूस्टरही मॅनिफोल्डच्या याच ओढीवर चालतो. म्हणून इंजिन बंद पडलं की एक-दोनदा दाबल्यावर पेडल कडक होतं.

आणि गरम गाडी खोटं का बोलते? रबर तापलं की फुगतं आणि फट थोडी बुजते. थंड सकाळी ते आक्रसतं आणि रोग उघडा पडतो.

बाटलीभर पाण्याची टेस्ट

दुपारी चाचांनी इंजिन चालू केलं. आधी फुकटातल्या गोष्टी. रबरी नळ्या वाकवून भेगा पाहिल्या, एअर फिल्टरचा पाइप पाहिला, बूस्टरची नळी क्षणभर चिमटली. काटा झुलतच राहिला. मग त्यांनी काच पुसायची स्प्रेची बाटली घेतली, त्यात साधं पाणी. वायरिंग आणि इग्निशन कॉइलवर उडणार नाही अशा बेताने सांध्यावर एकेका नळीपाशी बारीक फवारा. पहिली नळी, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. चौथीपाशी 'सुर्रर्र' असा आवाज आला आणि काटा चक्क स्थिर झाला. दोनच सेकंद, मग पुन्हा झोपाळा.

पंक्चरवाल्याकडे बुडबुडे बाहेर येतात, इथं उलटं. इंजिन पाणी आत ओढतं आणि तेवढ्यापुरती फट बुजते. काही जण यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. चाचा म्हणाले, 'ते पेटतं. बाजूला सायलेन्सरचा पाइप लाल झालेला असतो. नको.' मोठ्या वर्कशॉपमध्ये हेच काम मशीनने धूर सोडून करतात. फट असेल तिथून धूर निघतो.

खात्रीसाठी त्यांनी भाच्याकडचा स्कॅनर लावला. कॉम्प्युटर आपणहून किती जास्त पेट्रोल सोडतोय, ते त्यात दिसतं. आयडलला २४ टक्के, अडीच हजार आरपीएमला फक्त ५ टक्के. सेन्सर किंवा पंप खराब असता, तर आकडा वेगातही चढाच राहिला असता. फंडा क्लिअर!

रविवारचं ऑपरेशन

गॅस्केट जालन्यात मिळालं नाही. संध्याकाळी संभाजीनगरहून बसने आलं, आणि रविवारी सकाळी थंड इंजिनवर काम सुरू. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पेट्रोलच्या लाइनचं प्रेशर सोडलं. प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढत होते, माझी तेवढीच ड्युटी! बोल्ट बाहेरून आत असे थोडे थोडे सैल केले. मॅनिफोल्ड निघाल्याबरोबर हेडच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबली. एखादा नट आत पडला तर ३१ हजारही कमी पडतील.

जुनं गॅस्केट हातात घेतलं. चौथ्या नळीपाशी ते चपटं आणि बांगडीसारखं कडक झालेलं, वाकवलं तर कट्कन तुटलं. शेजारी नवं ठेवलं, ते मऊ आणि उभार. वय, उष्णता की पेट्रोल, दोषी कोण? एका गॅस्केटवरून सांगता येत नाही. २०२५मध्ये देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तेव्हा काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच म्हटलं होतं. जालन्याचा उन्हाळा तर चाळिशी पार करणारा. बारा वर्षं टिकलं, हेच खूप!

सांधा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. पॉलिश पेपर नाही, कारण त्याचा कचरा इंजिनात जातो. पट्टी आणि फिलर गेज लावून सपाटी तपासली. गॅस्केट कोरडंच बसवलं, सिलंट न लावता. बोल्ट आता मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. 'हाताच्या जोरावर पिळलं की प्लास्टिकचं मॅनिफोल्ड तडकतं,' इति चाचा.

बिल? गॅस्केट ४८०, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग १२०, मजुरी १,५००. एकूण २,१०० रुपये. कोड पुसला, गाडी स्टार्ट केली. काटा साडेसातशेवर, पुतळ्यासारखा.

चेक करा, बॉस!

• गाडी सिग्नलला अडखळते आणि हायवेवर शहाणी असते? हवेच्या गळतीचा संशय घ्या.
• काही गाड्यांत सेन्सर थेट मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. तिथं गळतीने आरपीएम नुसताच चढून बसतो.
• 'पार्ट बदला' म्हटलं की विचारा, 'गळती तपासली का? कशी?'
• आयडलचा आणि अडीच हजार आरपीएमचा आकडा, दोन्ही दाखवायला सांगा.
• टॉर्कचा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा, तो मॅन्युअलमधूनच घ्या.
• गाडी चालता चालता बंद पडत असेल तर उद्यावर ढकलू नका. प्रश्न ब्रेकचा आहे.

सोमवारी सातला निघालो. बदनापूर मागे पडलं, संभाजीनगरात जालना रोडला सिग्नल लागला. मी सवयीने ॲक्सिलरेटरवर पाय नेला आणि मागे घेतला. आईने कान टवकारले.

'बंद पडली का गं?'

'नाही गं, चालू आहे.'

'बाबांच्या वेळी अशीच असायची,' असं म्हणून तिने डोळे मिटले. सिग्नल हिरवा झाला. गाडी विकायचा विषय मी त्यानंतर काढलेला नाही.