फंक्शनल प्रोग्रॅमिंग : ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीकडून संक्रमण

फंक्शनल प्रोग्रॅमिंग ही गणितातील फलनांच्या आधारे संगणकाची आज्ञावली रचण्याची पद्धत आहे. तीत माहिती जागच्या जागी बदलली जात नाही. जुन्या माहितीपासून नवी माहिती काढली जाते. याउलट ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकाच ऑब्जेक्टमध्ये बांधलेल्या असतात व त्या ऑब्जेक्टची स्थिती सहसा काळानुसार बदलते. या दुसऱ्या पद्धतीत मुरलेल्या प्रोग्रॅमरला नवे व्याकरण शिकण्यापेक्षा जुन्या सवयी बाजूला ठेवणे अधिक कठीण जाते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क ही सॉफ्टवेअर उद्योगाची मोठी वसाहत आहे. जावा, सी शार्प यांसारख्या भाषांवर घडलेल्या तेथील अभियंत्यांच्या दृष्टीने हा विषय व्यवहाराचा आहे.

== इतिहास ==
या पद्धतीचे मूळ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनात आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेचे काम सुरू केले. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीचा उगम १९६७ च्या सिम्युला या नॉर्वेतील भाषेत मानला जातो. हॅस्केल ही शुद्ध फंक्शनल भाषा १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आणि स्ट्रीम आल्यावर दोन्ही पद्धती एकाच भाषेत शेजारी नांदू लागल्या.

== स्थिती आणि नोंद ==
दोन्ही पद्धतींतील भेद हिशेबाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीतील खाते म्हणजे शिल्लक लिहिलेली पाटी होय. प्रत्येक व्यवहारानंतर जुना आकडा पुसून नवा लिहिला जातो. फंक्शनल पद्धतीतील खाते रोजकीर्दीसारखे असते. तीत ५०० जमा, ३०० जमा, २०० खर्च अशा नोंदी कायम राहतात आणि त्यांवरून ६०० ही शिल्लक काढली जाते. चूक झाल्यास खाडाखोड न करता उलट नोंद घालतात.

हा भेद केवळ शैलीचा नाही. पाटीवर ६०० असताना दोन प्रक्रियांनी एकाच वेळी तो आकडा वाचला आणि प्रत्येकीने १०० मिळवून लिहिला, तर ८०० ऐवजी ७०० उरतात. असा दोष चाचणीत क्वचितच सापडतो. जी माहिती बदलतच नाही, ती अनेक प्रक्रियांनी एकत्र वाचली तरी बिघडत नाही. नोंदी क्रमाने जोडण्याची व्यवस्था मात्र तेथेही करावीच लागते.

== परिचित रचनांचे पर्याय ==
* '''लूप''' : यादीतील घटक निवडणे, प्रत्येकाचे रूपांतर करणे व सर्वांचे एका उत्तरात संकलन करणे, या कामांना अनुक्रमे फिल्टर, मॅप आणि फोल्ड ही फलने वापरतात.
* '''स्ट्रॅटेजी पॅटर्न''' : वेगळा क्लास न लिहिता हवे ते फलनच दुसऱ्या फलनाला दिले जाते.
* '''नल''' : उत्तर नसण्याची शक्यता ऑप्शन किंवा मेबी या प्रकारातून उघड सांगितली जाते, ती हाताळण्याचे विसरल्यास बहुधा कंपायलरच अडवतो.

== मर्यादा व निवड ==
एक पद्धत सर्वत्र श्रेष्ठ ठरत नाही. वर्तुळ व चौरस यांचे क्षेत्रफळ काढणाऱ्या आज्ञावलीत त्रिकोण हा नवा आकार घालायचा असल्यास ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचनेत एक क्लास वाढवणे पुरते. परिमिती ही नवी क्रिया हवी असल्यास मात्र प्रत्येक क्लास उघडावा लागतो. फंक्शनल रचनेत नेमके उलट घडते : नवी क्रिया म्हणजे एक नवे फलन, पण नव्या आकारासाठी प्रत्येक फलनात बदल करावा लागतो. फिलिप वॅडलर यांनी १९९८ मध्ये या पेचाला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' हे नाव दिले.

फाइल लिहिणे, पडद्यावर दाखवणे ही बाह्य जगाशी संबंधित कामे कोणत्याही पद्धतीत टळत नाहीत. म्हणून हिशेबाचा गाभा शुद्ध फलनांत ठेवून ही कामे कडेला ठेवण्याची प्रथा आहे. अनुभवी प्रोग्रॅमरला आपल्या परिचित भाषेतच येथून आरंभ करता येतो. मॉड्यूलची सुस्पष्ट मांडणी, चाचण्या आणि नावांची काटेकोर निवड हे पूर्वीचे संस्कार नव्या पद्धतीतही तितकेच उपयोगी पडतात.

== हेही पहा ==
* लॅम्डा कलन
* हॅस्केल
* हिंजवडी