आधी पिंजरा, मग बाकीचं

बिबट्यानं वस्तीवरची शेळी नेली की पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात पहिली मागणी ठरलेली असते: पिंजरा लावा. सरपंच तेच म्हणतात, पोलीस पाटील तेच म्हणतात, पुढाऱ्यांना फोन जातो तोही त्यासाठीच. पिंजरा गाडीतून उतरताना साऱ्या गावाला दिसतो, त्यामुळे काहीतरी झालं असं वाटतं. तो येण्याआधी आणि आल्यानंतर कोणकोण काय करतं, ते मात्र सहसा कुणी विचारत नाही.

मुळात बिबट्या इथे का आहे, इथपासून सुरुवात करू. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. धरणांचं पाणी शेतात आलं आणि पाण्यामागून ऊस आला. आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष रानात उभा असतो. आत गारवा, आडोसा, शेजारी पाट, आणि बांधापलीकडे वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरं. मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कोणती? उसातच जन्मलेल्या बिबट्याला ‘जंगलात परत पाठवा’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यानं जंगल कधी पाहिलेलंच नसतं, हे विसरतो.

आता शेळीकडे येऊ. सकाळी गोठ्यात रक्त दिसलं की वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर किंवा थेट वनरक्षकाला कळवायचं. नुकसानभरपाई हवी असेल तर 48 तासांच्या आत. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, कारण मानेवरचे दात आणि आजूबाजूचे ठसे हाच पुरावा असतो. वनपाल येतात, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, पंचनामा होतो. इथेच बरेचदा घोळ होतो. माणूस बिचारा वास येईल म्हणून शेळी पुरून टाकतो आणि मग दावा लटकतो. माणूसच दगावला तर वारसांना 25 लाख रुपयांचं अर्थसाहाय्य आहे, पण त्या रकमेनं कुणाचं घर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, हे लिहायचीही गरज नाही.

पिंजऱ्याचं काम सरपंचाच्या हातात नाही, तहसीलदाराच्याही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याला पकडायची परवानगी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून यावी लागते. ते बसतात नागपूरला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. इथले उपवनसंरक्षक प्रस्ताव पाठवतात. ठार मारायचं असेल तर अट आणखी कडक: तो माणसाच्या जिवाला धोका आहे आणि पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नाही, हे लेखी कारणांसह नोंदवावं लागतं. लोक याला दिरंगाई म्हणतात. वाट पाहणाऱ्या आईबापांना ती दिरंगाईच आहे.

पिंजऱ्याची रचना साधी. मागच्या कप्प्यात जाळीआड शेळी किंवा कोंबडी, मधे पाय पडला की सुटणारी कळ, पुढे वरून खाली पडणारं दार. ते दार कोणावर पडेल, हे मात्र पिंजऱ्याला ठरवता येत नाही. शेळी नेणारा एक असतो, अडकणारा बरेचदा दुसराच. आणि ज्याला उचललं त्याचा इलाका रिकामा झाला की शेजारचा तरणा नर तिथे येऊन बसतो.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. 2001 ते 2003 या काळात जुन्नरमध्ये हाच उपाय मोठ्या प्रमाणावर करून झाला. बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे त्या नोंदी तपासल्या. आधीच्या वर्षांत माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. बिबटे हलवायला लागल्यावर ते सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर घराच्या ओढीनं माणसांतूनच वाट काढतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, तर तो चालत चालत सुमारे 120 किलोमीटरवरच्या मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्यानं कुणालाही इजा केली नाही. त्याच्यावर सिनेमाही निघाला. पण सगळेच आजोबा नसतात.

म्हणून आता पकडलेले काही बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात राहतात. वनखात्याबरोबर ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था 2007 पासून ते चालवते. तिथल्या जागेला मर्यादा आहे, उसाला नाही.

मग उरलेलं काम कुणाचं? इथे गोष्ट वनखात्याच्या हाताबाहेर जाते. शेतीपंपाची वीज आळीपाळीनं दिवसा आणि रात्री मिळते. रात्रपाळीचा आठवडा आला की शेतकरी बॅटरी घेऊन एकटाच दारं धरायला निघतो. वाकून पाणी वळवणारा माणूस बिबट्याला बुटका, चार पायांचा दिसतो. गवत कापायला बसलेल्या बाईचं आणि अंगणात खेळणाऱ्या पोराचंही तेच. दिवसा वीज हा म्हणूनच इथे बिबट्यावरचा उपाय आहे, आणि तो महावितरणच्या टेबलावर आहे. दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा खरा फायदा मला इथे दिसतो, वीजबिलापेक्षाही जास्त.

ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतात ती कामं फोटो काढण्याजोगी नसतात. ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि चिकनच्या दुकानामागची आतडी यांवर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. तो कचरा बंद करणं, वस्तीच्या रस्त्याला दिवे, शाळेच्या वाटेवरची झुडपं काढणं, उघड्या विहिरींना कठडे. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडला की बाज दोरानं खाली सोडतात, तो तिच्यावर बसतो, मग पिंजरा उतरवतात. आणि हे सगळं काठावर जमलेल्या शेकडो लोकांना मागे रेटत. ग्रामसभेत बिबट्याचा विषय निघाला की तासभर वनखात्याला शिव्या पडतात. कोंबड्यांचा विषय काढणाऱ्याला मत मिळत नाही, कारण कोंबड्या टाकणारा सभेतच बसलेला असतो.

लोकांचा राग खोटा नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुलं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला. अखेर बिबट्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर शेतमजूर बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपणीला जाताना दिसू लागल्या. अशा वेळी ‘सहजीवन’ हा शब्द उच्चारणाऱ्यानं आधी त्या रानात रात्रीचं पाणी भरून यावं.

तरी सगळ्यांचे हात एकाच वेळी लागलेलं मी सांगू शकेन असं एक काम आहे, आणि ते ऊसतोडीत घडतं. कोयता चालता चालता पाचटात पिल्लं दिसतात. अशा वेळी मुकादमानं तोड थांबवायची आणि वनखात्याला कळवायचं. मजूर टोळी मराठवाड्यातून आलेली, उचल घेतलेली; थांबलेला तास तिला परवडत नाही. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला सांगून टोळी दुसऱ्या फडात हलवावी लागते, ऊस विघ्नहर कारखान्याचा असो की भीमाशंकरचा. शेतकऱ्यानं तेवढा तुकडा उभा ठेवायला हो म्हणावं लागतं. पशुवैद्य पिल्लं तपासतात, अंगावरच्या गोचिडी काढतात, कातडीखाली चिप बसवतात. दिवस मावळताना पिल्लं जिथे सापडली तिथेच क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. गावानं त्या रात्री तिकडे फिरकायचं नाही, मोबाइल घेऊन तर मुळीच नाही. पिल्लं नाहीशी झालेली मादी वस्त्यांभोवती पिसाळल्यासारखी फिरते, म्हणून ही खटपट पिल्लांइतकीच माणसांसाठी.

बहुतेकदा मादी येते. क्रेट पंजानं कलंडवते, एकेकाला मानेला धरून नेते. दोन पिल्लं असतील तर दोन खेपा. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. सकाळी वनरक्षक कॅमेऱ्यातलं कार्ड बघतो, शेतकऱ्याला फोन करतो, आणि राहिलेला तुकडा तोडायला टोळी परत येते.