नवगुंतवणूकदाराची ग्रंथपारख

अमरगोळच्या बाजार आवारात पोत्यावरील छाप पाहून कोणी भाव बोलत नाही. पोत्याच्या पोटातून मूठभर माल काढावा, तो हातावर पसरावा, ओल किती, कचरा किती, नव्यात जुना मिसळला आहे काय हे न्याहाळावे, आणि मगच सौदा करावा, ही आपली रीत. परंतु हाच चोखंदळ व्यापारी, किंवा त्याच्या घरातील तरुण पिढी, शेअर बाजारावरील पुस्तक घेताना मात्र मुखपृष्ठावरील आश्वासनावर विसंबते. पुस्तकाची किंमत थोडकी असते हे खरे. तथापि त्यातील शिकवणुकीवर विश्वासून जे भांडवल गुंतविले जाते, ते दुकानाचे, कन्येच्या विवाहाचे वा वृद्धापकाळाच्या तरतुदीचे असते. म्हणून पुस्तकाची वानगीही मालाइतक्याच काटेकोरपणे तपासावी.

ग्रंथद्वारे पारख शिकविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू ह्या जैन पारख्याने 1318 साली ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. निरनिराळ्या टांकसाळींच्या नाण्यांचे वजन, त्यांतील धातूचा अंश आणि त्यांचे मोल ह्यांची त्यात नोंद आहे. छाप कोणाची ह्यापेक्षा आत धातू किती, हाच खऱ्या पारख्याचा प्रश्न. शेअर बाजारावरील पुस्तकालाही तोच विचारावा.

पहिली कसोटी अशी की, पुस्तक तोट्याविषयी बोलते काय? 1861 ते 1865 ह्या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे विलायतेस तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. आपल्या धारवाड प्रांताचा कापूसही कुमठ्याच्या बंदरातून मुंबईस जाई. त्या पैशाच्या पुरात मुंबईत कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या व त्यांच्या भागांचे भाव गगनाला भिडले. युद्ध संपताच कापूस उतरला, आणि 1 जुलै 1865 ह्या वायद्याच्या दिवशी मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे वाजले. कापूस व शेअर बाजाराचे राजे मानले गेलेले प्रेमचंद रायचंदही त्यातून सुटले नाहीत. हा प्रलय तरुणपणी पाहिलेले सर दिनशा वाच्छा ह्यांनी 1910 मध्ये त्याचा इतिहास इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. 1992 च्या रोखे घोटाळ्यावर देबाशीष बसू व सुचेता दलाल ह्यांनी 1993 मध्ये लिहिलेले ‘द स्कॅम’ हे पुस्तकही त्याच पंक्तीचे होय. तेजीत माणसे कशी भुलतात हे अशा पुस्तकांतून कळते. ज्या पुस्तकात केवळ यशाच्याच कथा आहेत, ते अर्धी वही झाकून दाखविणाऱ्या मुनिमासारखे समजावे.

दुसरी कसोटी हिशेबाची. लेखक निष्कर्ष सांगून थांबतो, की आकडेमोड मांडून दाखवितो? बेंजामिन ग्रॅहम ह्यांचा ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ हा 1949 चा ग्रंथ येथे आदर्श ठरतो. 1929 नंतरच्या मंदीत त्यांना स्वतःला जबर तोटा सोसावा लागला होता. बाजार म्हणजे रोज नवा भाव घेऊन दाराशी येणारा लहरी भागीदार. त्याचे ऐकलेच पाहिजे असे नाही, हा त्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. खऱ्या मोलाहून पुरेशा कमी भावात खरेदी करून चुकीला वाव ठेवावा, हे त्यांचे दुसरे सूत्र. त्यातील अमेरिकन उदाहरणांनी नवा वाचक दमतो. त्याने 1973 च्या आवृत्तीतील आठवे व विसावे प्रकरण आधी वाचावे. पीटर लिंच ह्यांचे 1989 चे ‘वन अप ऑन वॉल स्ट्रीट’ आपल्याला जवळचे वाटेल, कारण नित्याच्या व्यवहारात कोणता माल खपतो ह्यावर नजर ठेवण्यास ते सांगते. मात्र माल आवडला म्हणून भाग घेऊ नये, कंपनीचा ताळेबंद पाहावा, हेही ते बजावते. ज्यांना ताळेबंद चाळण्यास सवड नाही, त्यांनी जॉन बोगल ह्यांचे 2007 चे छोटे पुस्तक वाचावे; कमी खर्चाच्या निर्देशांक फंडात साऱ्या बाजाराचा वाटा घेऊन स्वस्थ बसण्याचा मार्ग त्यात सांगितला आहे.

तिसरी कसोटी छपाईच्या सालाची. तत्त्वे जुनी होत नाहीत, नियम होतात. बदल्याचा व्यवहार 2001 च्या जुलैत बंद झाला. सौद्याची पूर्तता 2023 च्या जानेवारीपासून दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी होऊ लागली. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरील कराचा दर 23 जुलै 2024 पासून साडेबारा टक्के झाला. कर व व्यवहार ह्यांसाठी पुस्तक ताजेच हवे.

चौथी कसोटी लेखकाच्या हेतूची. पुस्तकाच्या शेवटी महागड्या शिकवणीचे वा ‘खात्रीच्या’ सल्ल्याचे आमंत्रण असेल, तर ते पुस्तक नव्हे, जाहिरात होय. महिनाभरात वायदे व ऑप्शन शिकवून श्रीमंत करणारी पुस्तके तर दूरच ठेवावीत. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, मागील तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. शंभरांतील त्र्याण्णव गाड्या घाटात उलटत असतील, तर त्या वाटेने दुकानाचे भांडवल कोण पाठवील?

वाचनाचा क्रम सोपा आहे. आरंभ सेबीच्या विनामूल्य पुस्तिकेने करावा. ती प्रादेशिक भाषांतही निघते. मग ग्रॅहमची दोन प्रकरणे, नंतर लिंच अथवा बोगल, आणि त्याबरोबर तोट्याच्या इतिहासाचे एक पुस्तक. पुढे एखाद्या परिचित कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन, नफा कागदावरच आहे की रोकड खरोखर हाती येते, उधारी किती, कर्ज किती, हे पाहावे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जमाखर्च लिहिला गेला, तेथील मुलामुलींना ही विद्या अवघड जाणार नाही. हे सर्व होईपर्यंत एकही भाग घेतला नाही, तरी काही बिघडत नाही. बाजार उद्याही उघडणार आहे.

संस्थेच्या कार्यालयात अशा निवडक आठ-दहा पुस्तकांचे एक कपाट असावे, आणि वाचणाऱ्याने आपला अभिप्राय तेथील वहीत लिहावा, अशी नम्र सूचना आहे. त्यास खर्च फार नाही. एका घराचे भांडवल जरी त्यामुळे वाचले, तरी तो खर्च शतपटीने वसूल झाला असे समजावे.