तिसऱ्या मजल्यावरचे उतारवय

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही लोकल गाडीच्या आधाराने वाढलेली शहरे असून, गिरगाव-परळच्या चाळींतून बाहेर पडलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी 1970 ते 1990 या काळात येथे आपले पहिले मालकीचे घर घेतले, तेव्हा स्थानक किती मिनिटांवर आहे आणि कर्ज किती वर्षांत फिटेल, हेच दोन प्रश्न निर्णायक होते. त्या काळच्या बहुसंख्य इमारती तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या आहेत. एवढ्या उंचीला लिफ्टची सक्ती नव्हती आणि घर घेणारे तिशी-पस्तिशीत होते, त्यामुळे जिन्याचा विचार फारसा झाला नाही. आज तेच घरमालक पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, मुले पुण्या-बंगळूरला, परदेशात किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या संकुलांत आहेत, आणि गुडघ्याचे दुखणे सुरू झाल्यावर आईवडिलांनी कोठे राहावे हा प्रश्न घरोघरी निघू लागला आहे. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढील लोकांचे प्रमाण 9.9 टक्के होते.

हा प्रश्न बहुधा ‘घर की वृद्धाश्रम’ अशा दोन टोकांत मांडला जातो आणि तेथेच विचाराची गल्लत होते. वयावरून किंवा आजाराच्या नावावरून निवास ठरत नाही. माणूस कोणती दैनंदिन कामे स्वतः करू शकतो आणि कोणत्या कामांना दुसऱ्याचा हात लागतो, यावरून तो ठरतो. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी 1963 साली मांडलेली मोजणी आजही जगभर वापरली जाते. तिच्यात अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे अशा सहा मूलभूत क्रिया येतात. याहून वरच्या पायरीची कामे, म्हणजे स्वयंपाक, बाजारहाट, औषधे वेळेवर घेणे, फोन करणे आणि पैशांचा हिशेब ठेवणे, ही साधारणपणे आधी सुटू लागतात. ज्या व्यक्तीची केवळ वरची कामे सुटली आहेत तिला डबा, घरकामाची बाई आणि बँकेच्या कामात मदत करणारा विश्वासू माणूस एवढ्यावर वर्षानुवर्षे स्वतःच्या घरी राहता येते. ज्या व्यक्तीला शौचाला उठवावे लागते तिला मात्र रात्रीही माणूस लागतो, आणि तेथून सगळे गणित बदलते.

स्वतःच्या घरी राहणे बहुतेकांना हवे असते आणि ही इच्छा केवळ हट्ट म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून चालू आहे. ही वाचनालये, डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी भेटणारी मंडळी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठका, पाच मिनिटांवरचे पोळीभाजी केंद्र आणि तीस वर्षे नाडी ओळखणारे डॉक्टर, हा सगळा त्या निवासाचाच भाग असतो. नव्या संकुलात लिफ्ट मिळते, पण यांतले एकही पायी गाठता येत नसेल, तर मुलगा-सून कामाला गेल्यावर बाराव्या मजल्यावर उरणारा एकाकीपणा तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापेक्षा सुसह्य असतोच असे नाही.

तरीही जिना दुर्लक्षून चालत नाही, कारण लिफ्ट नसलेल्या इमारतीत आणीबाणीची कसोटी चढण्यापेक्षा उतरण्याची असते. अरुंद जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही आणि रुग्णाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणावे लागते. त्याच इमारतीत तळमजल्यावरचे किंवा शेजारच्या इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे घर भाड्याने घेऊन स्वतःचे घर भाड्याने देणे, हा सर्वांत कमी उलथापालथीचा उपाय असूनही फार कमी कुटुंबे त्याकडे वळतात. जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट जोडण्याचा प्रस्ताव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बहुधा खर्चाच्या वाटणीवर अडतो, कारण तळमजल्यावरच्या सभासदाला तो खर्च आपला वाटत नाही.

घरात सर्वांत धोक्याची जागा न्हाणीघर ही होय. जुन्या घरांत त्याला उंबरा असतो, दार दोन-अडीच फुटांचे असते आणि चाकाच्या खुर्चीची रुंदीच साधारण पंचवीस इंच असल्याने ती बहुधा आत जात नाही; फरशी गुळगुळीत असते आणि बादलीतले पाणी घेण्यासाठी बुटक्या स्टुलावर बसून वाकावे लागते. दार आत उघडत असेल आणि माणूस दारालाच टेकून पडला, तर बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारे करून आतली कडी काढून टाकणे हे पहिले काम. कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी आधारदांडी बसवताना ती विटांच्या भिंतीत पक्क्या खिळवणीने बसवावी लागते, कारण टॉवेलची नळी माणसाचे वजन पेलत नाही आणि पडताना हात नेमका तिच्याकडेच जातो. उंच आसनाचा कमोड, खरबरीत फरशी, पाठ टेकता येईल अशी अंघोळीची खुर्ची आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढ्याचा खर्च कोणत्याही वृद्धाश्रमाच्या अनामत रकमेपुढे किरकोळ ठरतो, आणि तरीही हे काम बहुधा पहिल्या पडण्यानंतरच होते, ही खेदाची बाब आहे.

जेथे माणसाची मदत लागते तेथे ‘ब्युरो’तून, म्हणजे मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेतून, मावशी किंवा मामा ठेवण्याची पद्धत या शहरांत रुळली आहे. बारा तासांची आणि चोवीस तासांची अशा दोन पाळ्या असतात. ब्युरो आपले कमिशन घेतो आणि माणूस रजेवर गेल्यास बदली देण्याची हमी देतो, पण ती हमी लेखी नसेल तर गणपतीत आणि दिवाळीत तिचा उपयोग होत नाही. येथे परिचारिका आणि मदतनीस यांतला फरक समजून घेतला पाहिजे: इंजेक्शन देणे, लघवीची नळी बदलणे, जखमेचे ड्रेसिंग करणे ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे असून ती मावशींकडून करवून घेणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. मावशींची पोलीस पडताळणी करणे आवश्यक आहे. तितकेच आवश्यक आहे त्यांना आठवड्याची सुट्टी, झोपायला नीट जागा आणि घरच्यासारखे जेवण देणे, कारण थकलेल्या माणसाच्या हातून सेवा होत नाही.

या शहरांत निवासाचा निर्णय अनेकदा इमारतच घेते. ठाण्यात नौपाड्यातील आणि डोंबिवलीजवळ ठाकुर्लीतील जुन्या इमारती 2015 च्या पावसाळ्यात कोसळून माणसे दगावली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात आणि तीस वर्षांपुढील इमारतींना संरचना परीक्षण, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञांकडून तपासणी, बंधनकारक आहे. पुनर्विकासाला संमती देताना तरुण सभासद वाढीव चौरस फुटांकडे पाहतो. ऐंशीच्या घरातल्या सभासदाने मात्र मधली तीन-चार वर्षे कोठे काढायची हे आधी पाहिले पाहिजे. संक्रमणकाळातले भाड्याचे घर लिफ्टचे आणि त्याच परिसरातले मिळावे, नवे घर शक्यतो खालच्या मजल्यावर असावे आणि लिफ्टला जनित्राची जोड असावी, या गोष्टी पर्यायी निवासाच्या नोंदणीकृत करारात लिहून घेता येतात. करारानंतर त्या मागून मिळत नाहीत.

ज्येष्ठांसाठी मुद्दाम बांधलेल्या वसाहतींचा पर्याय महाराष्ट्रात पुण्याच्या ‘अथश्री’मुळे परिचित झाला, आणि कर्जत मार्गावर नेरळ येथे डिग्निटी फाउंडेशनने उभारलेली वसाहत कल्याण परिसराला त्यातल्या त्यात जवळची आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली असून एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट, किमान 900 मिलिमीटर रुंदीची दारे, न्हाणीघरात आधारदांड्या आणि चाकाची खुर्ची जाईल असे उतार यांचा त्यांत समावेश आहे. नावात ‘सीनियर’ असलेल्या प्रत्येक प्रकल्पात हे असेलच असे धरून न चालता विक्री करारात ते शोधावे. अशी वसाहत प्रामुख्याने चालत्या-फिरत्या माणसासाठी असते, आणि अंथरुणाला खिळल्यावर तेथे सेवा मिळणार की घर सोडावे लागणार, याचे उत्तर घर घेण्यापूर्वी मिळाले पाहिजे.

वृद्धाश्रमांबाबतही हाच प्रश्न कळीचा आहे. बदलापूर, टिटवाळा, शहापूर, कर्जत या पट्ट्यात जमीन तुलनेने स्वस्त असल्याने अनेक आश्रम उभे राहिले. त्यांत निराधारांना विनामूल्य ठेवणाऱ्या सेवाभावी संस्था आहेत, तसेच अनामत आणि मासिक शुल्क घेणारेही आहेत. पुष्कळ ठिकाणी स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यालाच प्रवेश असतो. अंथरुणावरच्या रुग्णांना घेणारी शुश्रूषा केंद्रे निराळी असतात, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या, वाट चुकून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीसाठी कुंपण, सतत नजर आणि शिकवलेले मदतनीस लागतात, ते साध्या आश्रमात बहुधा नसतात. पाहणीसाठी सांगून, रविवारी सकाळी जाऊ नये. न कळवता, जेवणाच्या वेळी आणि एकदा रात्री आठनंतर जावे, तेव्हा मजल्यावर किती माणसे जागी आहेत ते दिसते. अंथरुणावरच्या व्यक्तीची नखे कापलेली आहेत का, पलंगावरची घंटा वाजवल्यावर किती वेळाने कोणी येते, खोलीला लघवीचा वास आहे का, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद लिहिली जाते का, हे माहितीपत्रकात छापलेले नसते आणि निर्णय मात्र त्यावरच घ्यायचा असतो. संस्था सार्वजनिक न्यास असल्यास नोंदणी क्रमांक विचारावा, अनामत कोणत्या परिस्थितीत परत मिळते ते लेखी घ्यावे, रात्री रुग्णालयात नेण्याची जबाबदारी कोणाची ते ठरवावे, आणि शक्य असल्यास महिनाभर तात्पुरते राहून पाहावे. ज्या व्यक्तीला तेथे राहायचे आहे तिला न दाखवता घेतलेला प्रवेश, सोयी कितीही उत्तम असोत, चुकीचाच आहे.

पैशाच्या बाजूने, 70 वर्षांवरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता 5 लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारी आयुष्मान वय वंदना योजना ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे, पण घरच्या मावशींचा किंवा आश्रमाचा खर्च तीत येत नाही. घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची उलट तारण कर्जाची सोय 2007 पासून आहे. तिच्यात हयातीत घर सोडावे लागत नाही, परंतु इमारतीचे उर्वरित आयुष्य किमान 20 वर्षे असावे आणि कागदपत्रे निर्दोष असावीत, अशा अटी असल्याने भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या किंवा चाळिशी ओलांडलेल्या इमारतींतील घरमालकांना ती सहसा मिळत नाही.

असे कर्ज मिळत नसल्याने बरेच जण घर मुलाच्या नावे करून निश्चिंत होऊ पाहतात. राहते घर मुलांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये असल्याने ते सोपेही वाटते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठी 2007 साली झालेल्या कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवता येते, आणि याच कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. मात्र 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता परत मागण्यासाठी अशी अट घातलेली असणे आवश्यक ठरवले. जानेवारी 2025 च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला, तरी त्या प्रकरणातही मुलाने सांभाळाचे लेखी वचन दिलेले होते. म्हणून ज्येष्ठांनी शक्यतो हयातीत घर स्वतःच्याच नावावर ठेवून मृत्युपत्र करावे, आणि बक्षीसपत्रच करायचे असेल तर सांभाळाची आणि तहहयात राहण्याच्या हक्काची अट त्या दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. सल्ल्यासाठी 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन उपलब्ध आहे.