ब्राउझरच्या चाचण्या आणि त्यांचा मागोवा

बेंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर या वसाहतीत ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह आहे. अभिनेते शंकर नाग यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ उभारलेले हे नाट्यगृह २००४ मध्ये सुरू झाले. तेथील एक शिस्त सर्वांच्या परिचयाची आहे. प्रयोग नेमलेल्या वेळी सुरू होतो आणि त्यानंतर येणाऱ्या प्रेक्षकाला आत सोडले जात नाही. थोड्याशा वेळेच्या चुकीने इच्छित गोष्ट हुकते, याचे हे सोपे उदाहरण होय. संगणकाच्या पडद्यावरील व्यवहारांतही असे घडते. मात्र तेथे अंतर सेकंदाच्या अंशाचे असते, आणि ते पाहण्यास दाराशी कोणी उभे नसते. असे अंतर मागाहून कसे शोधून काढतात, हे येथे पाहावयाचे आहे.

समजा, एका कल्पित नाट्यगृहाने तिकीटविक्रीसाठी संकेतस्थळ तयार केले आहे. प्रेक्षक ब्राउझरमध्ये पान उघडतो, खुर्ची निवडतो, ‘पैसे भरा’ हे बटण दाबतो आणि ‘तिकीट निश्चित झाले’ हा मजकूर वाचतो. संकेतस्थळात लहानसा बदल केला, तरी ही सारी साखळी अभंग राहिली आहे की नाही, हे तपासावे लागते. माणसाने ही तपासणी दिवसातून पन्नास वेळा करणे कंटाळवाणे आहे, आणि कंटाळलेल्या माणसाच्या हातून काहीतरी निसटतेच. म्हणून ब्राउझर चालविण्याचे काम दुसऱ्या एका प्रोग्रॅमवर सोपविले जाते. यालाच ब्राउझरची स्वयंचलित चाचणी म्हणतात.

या कामाचे प्रसिद्ध साधन ‘सेलेनियम’ हे शिकागो येथील थॉटवर्क्स या संस्थेत जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये तयार केले. सेलेनियमच्या जगभरच्या जाणकारांची परिषद २०१४ मध्ये बेंगळूर येथे भरली होती. निरनिराळ्या ब्राउझरांवर आणि फोनांवर अशा चाचण्या चालविण्याची सोय पुरविणारी ‘ब्राउझरस्टॅक’ ही संस्था २०११ मध्ये मुंबईत सुरू झाली. मायक्रोसॉफ्टचे ‘प्लेराइट’ हे साधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढल्याच वर्षी चाचणीची सविस्तर नोंद उघडून पाहण्याची सोय त्यात आली.

अशा नोंदीची गरज का पडावी? आपल्या कल्पित नाट्यगृहाची चाचणी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकावर नेहमी यशस्वी होते. रात्री दूरच्या एका यंत्रावर तीच चाचणी चालते, तेव्हा वीस वेळांत एखादे वेळी ती फसते. त्या वेळी पडद्यासमोर कोणीही नसते. खरे तर पडदाही नसतो. सकाळी हाती उरते ते एकच वाक्य: अपेक्षित मजकूर वेळेत आढळला नाही. चाचणी पुन्हा चालवावी, तर ती यशस्वी होते. मग ‘चालेपर्यंत चालवावी’ असा मोह होतो. परंतु या उपायाने दोष जात नाही, केवळ झाकला जातो.

जे पुन्हा घडवून आणता येत नाही, त्याचा अभ्यास त्या वेळी केलेल्या नोंदीवरूनच करावा लागतो, हे शास्त्रात जुनेच तत्त्व आहे. १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या प्रारंभी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या वेळची चुंबकीय मापे लिहून ठेवली गेली होती. जवळजवळ दीड शतकानंतर, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्याच मापांच्या आधारे त्या वादळाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. वादळ परत आले नाही. नोंद मात्र टिकली होती.

ब्राउझरच्या चाचणीची अशी नोंद म्हणजे ‘ट्रेस’ होय. प्लेराइटच्या ट्रेसमध्ये चाचणीने केलेली प्रत्येक कृती क्रमाने व वेळेसह नोंदलेली असते. प्रत्येक कृतीच्या आधी आणि नंतर पान कसे होते, हेही जपून ठेवलेले असते. हे केवळ छायाचित्र नसते. पानाची रचनाच साठविलेली असल्यामुळे त्यातील कोणतेही बटण किंवा अक्षर वेगळे करून तपासता येते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील मागण्या व उत्तरे, कन्सोलवर उमटलेले संदेश आणि चाचणीची ती ती ओळ यांचीही जोड असते. हे सर्व एका झिप फाइलमध्ये बांधले जाते.

आता फसलेल्या चाचणीचा ट्रेस उघडू. ‘तिकीट निश्चित झाले’ हा मजकूर न दिसण्याची तीन कारणे संभवतात. पैसे भरण्याची मागणी सर्व्हरकडे गेलीच नसेल. ती गेली, पण सर्व्हरने नकार दिला असेल. अथवा होकार येऊनही पानाने तो दाखविला नसेल. मागण्यांची यादी पाहताच पहिले कारण खरे ठरते: बटण दाबल्यानंतर कोणतीही मागणी निघालेली नाही. मग वेळा ताडून पाहाव्यात. बटण पडद्यावर ०.९ सेकंदाला आले, चाचणीने ते १.२ सेकंदाला दाबले, आणि त्या बटणाला काम शिकविणारी फाइल १.९ सेकंदाला येऊन पोहोचली. बटण दिसत होते, पण अजून मुके होते. दाबण्यापूर्वी बटण दृश्य, स्थिर आणि दाबता येण्याजोगे आहे का, हे प्लेराइट तपासते. त्यामागची क्रिया जोडली गेली आहे का, हे त्यास बाहेरून कळत नाही.

येथे खरा निर्णय करावयाचा असतो. चाचणीत दोन सेकंदांची वाट पाहण्याची ओळ घातली, तर चाचणी यशस्वी होऊ लागेल. परंतु ज्याच्या फोनला मंद जोडणी आहे, तो प्रेक्षक तेच मुके बटण दाबून बसेल, आणि तिकीट मिळाले नाही हे त्यास प्रयोगाच्या दाराशी कळेल. दोष चाचणीचा नसून पानाचा आहे. क्रिया जोडली जाईपर्यंत बटण निष्क्रिय ठेवणे हा योग्य उपाय होय. ट्रेस नसता, तर निर्दोष साक्षीदारालाच गप्प केले गेले असते.

नोंद कधी करावी, हाही विचाराचा विषय आहे. नोंदीने चाचणी मंदावते व जागाही लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी पहिल्या अपयशानंतर जी दुसरी खेप होते, तिचीच नोंद ठेवतात. पण क्वचित उद्भवणारा दोष दुसऱ्या खेपेस बहुधा दिसत नाही, आणि हाती यशस्वी चाचणीचाच ट्रेस येतो. अशा दोषासाठी प्रत्येक खेप नोंदावी आणि यशस्वी झालेल्यांची नोंद टाकून द्यावी, ही पद्धत अधिक हितकर असते. प्लेराइटमध्ये तशी योजना आहे. शिवाय चाचणीत वापरलेले परवलीचे शब्द ट्रेसमध्ये उतरू शकतात; यास्तव खऱ्या माणसांची खाती चाचणीसाठी वापरू नयेत, आणि ट्रेस वाटेल त्याच्या हाती देऊ नये.

चाचणी फसली, एवढे कळणे ही तपासाची केवळ सुरुवात होय. ती कोणत्या क्षणी आणि कशामुळे फसली, हे सांगणारी नोंद हाती असली, म्हणजे तर्काची जागा पुरावा घेतो, आणि दुरुस्ती जेथे व्हावयास हवी तेथेच होते.