टेन्शनमुळे आयव्हीएफ फसतं का?

पनवेलमध्ये आयव्हीएफ सुरू केलेल्या बाईला घरातून, शेजारून, ऑफिसातून एकच सल्ला मिळतो: टेन्शन घेऊ नकोस, होईल सगळं नीट. मग रिपोर्ट निगेटिव्ह आला की त्याच सल्ल्याचा आरोप होतो: तूच फार टेन्शन घेतलंस. हा आरोप चुकीचा आहे आणि तो घराघरांत फार दुखावतो, म्हणून शरीरात नेमकं काय घडतं ते पाहू.

एरवी दर महिन्याला मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला ठरावीक अंतराने इशारे देतो. पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं सोडते, त्यांच्यामुळे अंडाशयात स्त्रीबीज पिकतं. तीव्र मानसिक ताण, झपाट्याने घटलेलं वजन किंवा अति व्यायाम यांमुळे हे इशारे मंदावतात आणि पाळी लांबते, क्वचित थांबतेही. म्हणजे मनाचा आणि बीजाचा संबंध आहेच. पण आयव्हीएफमध्ये हा मेंदूकडचा रस्ता बराचसा टाळलेला असतो. साधारण दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शनं थेट अंडाशयाला चालना देतात, बीजांची वाढ सोनोग्राफीवर मोजली जाते, शेवटचं ट्रिगर इंजेक्शन दिल्यावर ३४ ते ३६ तासांनी बीजं बाहेर काढतात. फलन प्रयोगशाळेत होतं. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भाशयात सोडलेला भ्रूण रुजेल का, हे मुख्यतः त्याच्या गुणसूत्रांवर ठरतं आणि ती बहुतांशी बीजाच्या वयाशी बांधलेली असतात. त्या बाईचा स्वभाव काळजीखोर आहे की निवांत, याचा तिथे फारसा प्रश्न येत नाही.

२०११ मध्ये संशोधक जॅकी बॉयव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. उपचाराआधी ज्यांना जास्त चिंता वा नैराश्य होतं, त्यांना त्या सायकलमध्ये, म्हणजे उपचाराच्या त्या फेरीत, दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. ट्रान्सफरनंतर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर, अंथरुणाला खिळून राहिल्यानेही यश वाढत नाही. तेव्हा हार्बर लोकलने वाशीला कामावर गेलेल्या बाईने स्वतःला दोष द्यायचं कारण नाही.

मन खरं काम करतं ते दुसरीकडे. एका प्रयत्नात यश मिळण्यापेक्षा न मिळण्याची शक्यता बहुतेकींसाठी जास्त असते, त्यामुळे पुन्हा उभं राहता येणं महत्त्वाचं ठरतं. अनेक जोडपी वैद्यकीय मार्ग शिल्लक असतानाही थकून उपचार सोडतात. पैसा हे कारण असतंच, पण सोसवत नाही म्हणून थांबणारेही पुष्कळ. इथे स्वभावाचा वाटा दिसतो. आपल्या हातात काहीच नाही, मूल नाही तर आयुष्यच नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांना अपयश जास्त काळ छळतं. ज्यांच्या पाठीशी माणसं आहेत, ती लवकर सावरतात.

पुरुषांबद्दल आपण फार गप्प असतो. बीजं काढायच्या दिवशी दवाखान्यात वीर्याचा नमुना द्यायचा असतो आणि दडपणाने तो देता न येणं अजिबात दुर्मीळ नाही. भीती असेल तर आधीच सांगावं. नमुना अगोदर गोठवून ठेवता येतो. इतक्या साध्या सोयीअभावी सगळी सायकल धोक्यात येऊ नये.

१९८६ च्या ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून आयव्हीएफने हर्षा नावाची मुलगी जन्मली, तेव्हा हे तंत्र अपूर्वाईचं होतं. आता त्यासाठी २०२१ चा कायदा आहे आणि यशाची शक्यता व परिणाम यांविषयी समुपदेशन देणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. ते हक्काने मागा. सहीच्या कागदांसोबत उरकलेली पाच मिनिटं म्हणजे समुपदेशन नव्हे.

दिवस राहिले की नाही हे सांगणारी बीटा एचसीजीची रक्ततपासणी ट्रान्सफरनंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. रिपोर्टचा फोन कोण घेणार, त्या दिवशी कामावर जायचं का, सासरी-माहेरी कधी आणि कोणी सांगायचं, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवावं.