चढावरचे पाणी

पूर्णा तालुक्यात कंठेश्वराजवळ पूर्णा नदी गोदावरीस मिळते. आणि तरीही याच परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेस, गंगाखेडच्या बालाघाटी माळांवर वसलेल्या वाड्यातांड्यांना उन्हाळा लागताच टँकरची वाट पाहावी लागते. येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे बांधली गेली, 1976 मध्ये जायकवाडीचे लोकार्पण होऊन तिचा डावा कालवा या जिल्ह्यात पोहोचला, हे सारे उपकारकच. परंतु कालवा उताराचा अंकित असल्यामुळे चढावरचा खातेदार लाभक्षेत्राच्या नकाशाबाहेरच राहिला.

त्याचा आधार म्हणजे त्याच्याच माथ्यावर पडणारा पाऊस. येथील काळा पाषाण स्वतः पाणी धरीत नाही. ते मुरते भेगांत आणि मुरमाच्या थरांत, आणि उतारावर माती पातळ असल्याने मुरण्याआधीच ओढ्याला लागते. म्हणून समतल चर, दगडी बांध, मग नालाबांध व पाझर तलाव हा माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा क्रमच येथे शास्त्रशुद्ध होय. तो डावलून विंधनविहिरी खोल खोल नेत राहणे म्हणजे शेजाऱ्याच्या आडाचे पाणी ओढून घेणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु साठलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न चरांपेक्षा बिकट आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे या अभियंत्याने पाणी पंचायतीच्या रूपाने त्याचे जे उत्तर दिले, त्याहून न्याय्य उत्तर मला ठाऊक नाही. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर मोजावयाचा, माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल इतके पाणी द्यावयाचे, उसास मनाई, भूमिहीनासही वाटा, आणि जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जाऊ नये. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनीच उचलावयाचा असल्यामुळे योजना त्यांना परकी वाटत नसे.

गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात या दंडकाचे मोल अधिक, कारण तेथील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि परततात ती विहिरींनी तळ गाठल्यावर. तेव्हा हिवरे बाजार या गावी दरवर्षी होतो तसा पाण्याचा ताळेबंद पाऊस सरताच, कोयते बाहेर पडण्यापूर्वी, ग्रामसभेत मांडला जावा, पिण्याचे पाणी प्रथम राखून ठेवले जावे, आणि गावी नसलेल्यांचा वाटाही त्याच दिवशी दफ्तरी नोंदला जावा.